धडा संपल्यावर मुलं कुणाकडे बघतात?

आठवीच्या वर्गात मी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवत होते. २० मार्च १९२७ ही तारीख फळ्यावर लिहिली, बाबासाहेबांनी तळ्यातलं पाणी ओंजळीत कसं घेतलं ते सांगितलं आणि धडा जिवंत व्हावा म्हणून मागच्या बाकावरच्या एका मुलाला म्हटलं, "तू सांग रे, तुझ्या आजोबांनी असलं काही सोसलंय का?" तो उभा राहिला. सगळा वर्ग एकदम मागे वळला. त्याच्या हातात कंपासपेटी होती. तिचं झाकण तो अंगठ्याने उघडत होता, मिटत होता. बोलला काहीच नाही. मी "बरं, बस" म्हणाले आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चूक पूर्णपणे माझी होती. त्या क्षणापर्यंत तो कबड्डीत चढाई करणारा, गणिताला घाबरणारा, डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाटणारा एक मुलगा होता. माझ्या एका प्रश्नाने तो वर्गासमोर त्याच्या जातीचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. साक्ष द्यायची आहे का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

नगर जिल्ह्यात इतिहास शिकवताना आणि शिकवणाऱ्यांशी बोलताना गेल्या काही वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. दुःखाचा धडा संपला की मुलं फळ्याकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात. धड्यातले ते लोक म्हणजे आपल्यातलं कोण, आणि मी कुणाच्या बाजूचा, हे त्यांना त्या नजरेतून शोधायचं असतं. सनावळ्या चुकल्या तर पुढच्या तासाला दुरुस्त करता येतात. ही नजर चुकीच्या जागी स्थिरावली तर ती वर्षानुवर्षं तिथेच राहते. म्हणून हा लेख माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आहे, आणि पालकांसाठीही, कारण अर्धा इतिहास मुलं रात्री जेवताना शिकतात.

आपल्या जिल्ह्यात असे धडे पुस्तकात कमी आणि मातीत जास्त आहेत. श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावचा बहादूरगड आहे. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला पकडलेल्या संभाजीराजांना याच गडावर आणून औरंगजेबासमोर उभं केलं गेलं. पुढे ११ मार्चला भीमेच्याच काठी तुळापूरला त्यांचा अंत झाला. अकोले तालुक्यातलं देवगाव हे राघोजी भांगरे यांचं गाव. इंग्रजांनी १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. त्याच तालुक्यातलं धामणगाव हे 'बलुतं' लिहिणाऱ्या दया पवारांचं गाव. आणि नगरच्या किल्ल्याची भिंत तर एसटीतून जाता-येता दिसते.

मुलं कशी वागतात ते आधी ओळखायला हवं. सगळ्यात जास्त गैरसमज हसण्याबद्दल होतो. संभाजीराजांना बहादूरगडावर विदूषकाचा पोशाख घालून मिरवलं, हे सातवीत सांगितलं की दोन-तीन मुलं हमखास फिसकन हसतात. शिक्षकाचा पारा चढतो, "लाज नाही वाटत?" म्हणून ओरडा बसतो. पण बारा वर्षांच्या मुलाला भीती आणि हसू यांची दारं वेगवेगळी करता येत नाहीत. पोशाखाचं चित्र डोळ्यांसमोर आलं म्हणून तो हसला आणि पुढच्याच क्षणी त्याला कसंतरी झालं. तेव्हा रागावू नका. खडू खाली ठेवा, थोडं थांबा आणि विचारा, "मारायचंच होतं, तर आधी मिरवलं कशाला?" वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, "बाई, अपमान करायला." मी विचारते, "अपमान राजांचा, की बघणाऱ्यांचाही?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या वर्गात एका मुलीने दिलं होतं, "बघणाऱ्यांना घाबरवायला." त्या दिवशी पुढे कुणीही हसलं नाही.

काही मुलं बारीकसारीक विचारतात. डोळे कसे काढले, किती दिवस हाल केले, रक्त किती गेलं. चौथीपासून शिवचरित्र ऐकलेल्या मुलांना शौर्याच्या गोष्टींची सवय असते आणि त्याच उत्साहात ती हेही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: "त्यांचे फार हाल केले आणि त्यांना मारलं. कसे कसे केले, ते आपण वर्गात मोजत बसायचं नाही. एकतीस वर्षांचा हा माणूस त्या आधी कसा जगला, ते आज बघू." वर्णन वाढवलं की वर्ग कान देऊन ऐकतो हे खरं आहे. पण त्या रात्री झोपेतून दचकून उठणारं मूल आपल्याला दिसत नाही.

आता मैदानाकडे या. फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजीराजांवरचा चित्रपट आला. गावंच्या गावं तो बघून आली आणि थिएटरमध्ये रडणाऱ्या लहान मुलांचे व्हिडिओ घरोघरी फिरले. ते रडणं खरं होतं, त्यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत लढाईचा खेळ सुरू झाला, हेही स्वाभाविक होतं. पण खेळात औरंगजेब कोण होतो, ते बघणं आपलं काम आहे. आडनाव शेख किंवा पठाण असलेल्या मुलावर रोज तीच पाळी येत असेल, तर तो खेळ राहिलेला नाही. तो मुलगा सुरुवातीला हसत हसत पळतो. चौथ्या दिवशी तो वर्गातच बसून राहतो आणि "पाय दुखतोय" म्हणतो.

अशा वेळी सगळ्यांसमोर त्या मुलाची बाजू घेऊन भाषण केलं तर त्याला आणखी अवघडल्यासारखं होतं. मी खेळातल्या पुढाऱ्यांना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की राज्य आळीपाळीने येईल, नाहीतर खेळ बंद. आणि पुढच्या तासाला भातोडीची लढाई सांगितली. भातोडी नगर तालुक्यातच आहे. १६२४ साली तिथे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. मलिक अंबरच्या बाजूने लढत होते शहाजीराजे आणि त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी. शरीफजी तिथेच पडले. या दोन भावांची नावं नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ठेवली, असं परंपरा सांगते. त्यांचा दर्गा आजही शहरात आहे. आणि मलिक अंबर कोण? आफ्रिकेत जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. "लहान मुलाला विकलं?" हा प्रश्न हमखास येतो, आणि मग वर्गाचा सगळा जीव त्या मुलात गुंततो. मुस्लिम सुलतानाच्या दरबारात हबशी वजीर, त्याच्या फौजेत मराठे सरदार, समोर दोन मुस्लिम सत्ता. मुलांनी डोक्यात आखलेली दोन रकान्यांची वही इथे अपुरी पडते, आणि ती आपणहून नवी पानं उघडतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'चांगल्या मुसलमानांची' यादी करून ती पाठ करून घेऊ नका. त्या मुलाला स्वतःचा चांगुलपणा कुणाच्या यादीने सिद्ध करावा लागू नये. १६८९ साली बादशहाने काय केलं याचा जाब आजच्या सातवीतल्या पोराकडे मागायचा नसतो, हे एकदा साध्या शब्दांत सगळ्या वर्गाला सांगा आणि पुढे जा.

जातीचा इतिहास शिकवताना नजर आणखी बारीक ठेवावी लागते, कारण तिथे वर्गातले सगळेच कुठल्या ना कुठल्या बाजूला सापडतात. ज्यांच्या घरात ते सोसलं गेलं, ती मुलं बहुधा गप्प होतात. कुणी मान खाली घालून पुस्तक वाचल्याचं दाखवतं, कुणी पाणी प्यायला जायची परवानगी मागतं. त्या मुलांकडून अनुभव मागू नका. माझी चूक करू नका. ज्याला सांगायचं असेल तो व्हरांड्यात, तुम्ही एकटे असताना, स्वतः येऊन सांगेल. फक्त तुम्ही त्या दिवशी व्हरांड्यात थोडा वेळ उभं राहायला हवं. पारधी समाजातल्या मुलांच्या बाबतीत हे जास्तच सांभाळायला हवं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून माणसांच्या कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली उठला, हे वर्गातल्या कुणाला माहीत नसतं. वर्गात पेन हरवलं की नजर कुणाकडे वळते, ते मात्र सगळ्यांना माहीत असतं. हा धडा पुस्तकात नसला तरी पेन हरवण्याआधी शिकवून ठेवा.

दुसऱ्या बाजूची मुलं चिडतात. "आमच्या आजोबांनी असलं काही केलं नाही," किंवा घरात ऐकलेलं, "आता तर सगळं त्यांनाच मिळतं." अशा मुलाला गप्प बसवलं तर तो पटकन ऐकतो आणि आयुष्यभर तेच धरून बसतो. त्याला वाटत असतं की आपल्यावर आरोप होतोय. त्याला महाडची पूर्ण गोष्ट सांगा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी आणला. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे बाबासाहेबांच्या बरोबर उभे होते. सत्याग्रहाच्याच वर्षी, १९२७ च्या २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. आजोबांनी काय केलं ते आपल्या हातात नव्हतं, पण तुला या लोकांच्या शेजारी उभं राहता येतं, असं मी अशा मुलाला म्हणते. एक मुलगा त्यावर बराच वेळ विचार करून म्हणाला होता, "पण मग गावातले त्यांना काय म्हणले असतील?" त्या प्रश्नावर आमचा एक अख्खा तास गेला, आणि तो तास वाया गेला असं मला वाटत नाही.

गोष्ट निवडताना ती मुलांच्या मापाची घ्या. महाडपेक्षाही मुलांच्या मनाला भिडते ती बाबासाहेबांची १९०१ सालची सफर. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला भाऊ आणि भाच्यांबरोबर भीमराव साताऱ्याहून आगगाडीने निघाले. नवे सदरे, जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि स्टेशनमास्तर पाच पावलं मागे सरकला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, असं ठरलं. बरोबर जेवण भरपूर होतं, पण प्यायला पाणी कुणी देईना, म्हणून ती उपाशीच निजली. ही गोष्ट सांगताना मी नव्या कपड्यांवर जास्त वेळ थांबते. सुट्टीत मामाच्या गावाला निघताना नवे कपडे घालून एसटीत बसण्याचा आनंद प्रत्येक मुलाला माहीत आहे. त्या आनंदातून ती मसूरच्या फलाटावर उतरली की पुढचं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नगरच्या किल्ल्याचंही तसंच. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून ठेवले गेले, नेहरूंनी १९४४ साली इथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे मुलं ऐकतात आणि विसरतात. मौलाना आझादांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी बांधली होती, आणि हळूहळू त्या त्यांच्या हातावरचे दाणे टिपू लागल्या, हे मात्र कुणी विसरत नाही. मग सांगावं की एप्रिल १९४३ मध्ये त्यांची बायको कलकत्त्यात वारली आणि ते इथे भिंतीआड होते. तुरुंग म्हणजे काय, ते मुलांना तेव्हा कळतं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सहल नेणार असाल तर परवानगीची चौकशी आधी करा.

वेळेचंही भान ठेवा, ही साधी गोष्ट आहे पण फार उपयोगी पडते. असा धडा शेवटच्या तासाला घेऊ नका आणि शनिवारी अर्ध्या शाळेच्या दिवशी तर मुळीच नको. शेवटच्या तासानंतर मूल तो धडा दप्तरात भरून एकटं घरी जातं. पहिल्या-दुसऱ्या तासाला घेतला तर त्यानंतर मधली सुट्टी असते, एका रांगेत बसून खिचडी खायची असते, खेळाचा तास असतो. दुःख ऐकलेली मुलं नंतर काही तास एकमेकांच्या सोबत असतात, आणि तुमच्याही नजरेसमोर असतात.

तोंडी बोलायला न धजणाऱ्यांसाठी मी एक रिकामा डबा ठेवते. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. सगळ्यात जास्त वेळा येणारी चिठ्ठी असते, "आत्ता पण असं होतं का?" हिला खोटं उत्तर देऊ नका. सोनई, खर्डा, कोपर्डी ही अत्याचाराच्या घटनांनी गाजलेली आपल्याच जिल्ह्यातली नावं मुलांनी मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलेली असतात. "ते सगळं जुनं झालं" म्हटलं की आपल्या शब्दावरचा त्यांचा विश्वास उडतो. मी सांगते: हो, होतं. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली, १९८९ साली अत्याचाराविरुद्ध वेगळा कायदा झाला, तरी होतं. ते थांबवायला पोलीस आहेत, न्यायालय आहे, आणि वर्गात कुणी कुणाला जातीवरून बोललं तर मी आहे. खटल्यांचे तपशील, कोण कुठल्या जातीचा होता हे मात्र वर्गात उगाळू नका. मुलं ते लगेच बाकांवर वाटून टाकतात.

चिठ्ठीवरून मुक्ता साळवे आठवते. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली ही मुलगी. वय आजच्या आठवी-नववीच्या मुलीएवढं. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. अमेरिकन मराठी मिशनचं हे पत्र १८४२ साली आपल्या नगरमध्येच सुरू झालं होतं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं तेही नगरलाच, मिस फरार यांच्याकडे. मुक्ताच्या निबंधात इमारतींच्या पायात गाडलेल्या माणसांचं दुःख आहे, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचं दुःख आहे, आणि रोखठोक प्रश्न आहेत. मुलांना एवढं कडू झेपेल का असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो निबंध आधी स्वतः वाचावा. तिला ते कुणी उभं करून सांगायला लावलं नव्हतं. तिच्या हातात लेखणी आली होती आणि समोर ऐकणारे शिक्षक होते.

पालकांसाठी थोडंसं. मूल घरी येऊन असं काही बोललं तर हातातलं काम बाजूला ठेवा. "तुला काय वाटलं?" एवढंच विचारा. आपली मतं लगेच ओतू नका. मोबाईलवर आलेली एखादी रील तर त्याच क्षणी मुळीच दाखवू नका. पोट दुखतंय, भूक नाही, असं सलग दोन-तीन दिवस म्हणत असेल तर वर्गशिक्षकांना फोन करा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना १९७२ चा दुष्काळ सांगायला लावा. खडी फोडायला गेलेले हात, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी. तो दुष्काळ सगळ्या आळ्यांनी सोसला. मी वर्षाच्या सुरुवातीला मुलांना हाच गृहपाठ देते, कारण त्यातून प्रत्येक मूल काही ना काही घेऊन येतं आणि वर्ग एकदा एकत्र दुःख ऐकायला शिकतो. पुढचे अवघड धडे मग थोडे सोपे जातात.

आता पुन्हा त्या मुलाकडे. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं, मी ते प्याले, आणि नातवासमोर त्यांना म्हटलं की मी वर्गात चुकीचा प्रश्न विचारला. आजोबा म्हणाले, "बाई, सांगायचं तर पुष्कळ आहे. पण मी सांगीन. त्याला नका विचारू." पुढच्या सोमवारी तो आला आणि आपल्या जुन्याच बाकावर बसला.

तेव्हापासून अशा धड्याच्या दुसऱ्या दिवशीची हजेरी मी स्वतः, सावकाश, एकेकाच्या तोंडाकडे बघत घेते. तुम्हीही घ्या. कोण आलं नाही, कुणी जागा बदलली, कोण कालपर्यंत ज्याच्या शेजारी बसत होतं त्याच्या शेजारी आज बसलेलं नाही, हे त्या पाच मिनिटांत दिसतं. जे आलं नसेल, त्याच्या घरी संध्याकाळी जाऊन या.